दीक्षाच्या लग्नाचा खैर

११ जानेवारी
दीक्षाच्या लग्नाचं जेवण चुलीवरच. सरपण मी, तिचा बाप, स्वतः तोडणार. वखारवाल्यावर विश्वास नाही. मंडणगडात ओलं लाकूड सुकं म्हणून गळ्यात मारतात. आपल्या बांधावर एक झाड आहे. पान एक नाही, अंगभर काटे. म्हणजे खैर. डोंबिवलीच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिघांनी अंगठे पाठवले. खैरच.

१२ जानेवारी, सकाळ
पाडलं. खैर दगडासारखा कठीण म्हणतात. कुऱ्हाड मुळा चिरावा तशी गेली. जन्मभर टेबलावर बसूनही मनगट शाबूत!

संध्याकाळ
चुलतभाऊ बाबाजी डोकावला. म्हणाला, "दादा, हा पांगारा हाय. जळायचा नाय." हाही माझ्यासारखाच मुंबईत रिटायर झालेला. याला झाडं कधीपासून कळायला लागली? पोटात दुखलं असणार.

१३ जानेवारी
ओंडके न्हाणीमागे रचून वर ताडपत्री टाकली. खैर तोडायला परवानगी लागते म्हणे. शालनला बजावलं, कुणी विचारलं तर आंबा सांग. ती म्हणाली, पांगाऱ्याला कोण विचारतंय? म्हणजे बाबाजी माझ्या बायकोपर्यंत पोचला.

७ फेब्रुवारी
एक ओंडका फोडून चुलीत घातला. नुसता फुसफुसला. टोकातून पाणी. खैरात पाणी येईलच कुठून? कुणीतरी शिंपतंय. बाबाजीचा पाइप आपल्या न्हाणीपर्यंत पोचतो. बघून आलो.

१० फेब्रुवारी
बाबाजी म्हणाला, माझ्याकडचं ऐनाचं सुकं सरपण ने, लग्नात धूर नको. आधी भिजवायचं, मग उपकार करायचे. नको म्हटलं.

२२ फेब्रुवारी
लग्न लागलं. त्रिसरण चालू असतानाच मांडवात धूर शिरला. सगळे डोळे पुसत होते. व्हिडिओवाल्याला वाटलं, फार हळवं गाव आहे. भात कच्चा. पाहुणे पत्रावळीसमोर बसून. मी सर्वांसमोर बाबाजीला म्हणालो, तूच पाणी मारलंस. तो उठला. घरून ऐनाची लाकडं आणली, चुलीत सारली आणि न जेवता गेला. निघताना दीक्षा माझ्याशी बोलली नाही. धुराने घसा बसला असेल.

८ मार्च
ताडपत्री काढली. उरलेल्या ओंडक्यांना पांगाऱ्याची पालवी फुटलीय. शालनने बघितलं आणि आत गेली. हसली असती तरी बरं वाटलं असतं.

बाबाजीकडे गेलो. पडवीत होता. मला बघून आत गेला. त्याच्या बायकोने, सगुणाने, पाणी दिलं. दादा, काय काम होतं, विचारलं. सहज आलो, म्हटलं.