राजबाईचं नाणं

मांडवी (कच्छ),
आषाढी बीज, ३ जुलै २०११

चि. केसर हिला,

प्रागजी मिस्त्रीचे आणि तुझ्या सासूचे आपल्या कच्छी नव्या वर्षाचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. मोंघीचा गुडघा दुखतो आणि तोंड चालतं, म्हणजे तब्येत उत्तम आहे. पावसाळ्यासाठी समुद्र बंद झालाय, सगळी गलबतं नदीत येऊन बसलीत. पावसाचा मात्र पत्ता नाही. रतन शाळेत जाते असं कळलं. तिच्या वहीचं एखादं पान पाठव. अक्षर बापासारखं वाकडं आहे का ते बघायचंय.

तुझ्या वडिलांचं पत्र मिळालं. मेघजीचं स्थळ चालून आलंय, तुझीही ना नाही, पण सासरचा होकार आल्याशिवाय तू लग्नाला उभी राहणार नाहीस, असं त्यांनी लिहिलंय. पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले, ठाऊक आहे मला. उत्तर देतो. पण आधी दुसरंच सांगतो, चिडू नकोस. म्हाताऱ्या माणसाला सरळ वाट सापडत नाही.

तर आपली नाण्यांची पेटी कॉम्प्युटरवर चढतेय! उद्योग अर्थात शेजारच्या हसमभाईंचा. बंदरावरच्या कारकुनीतून सुटले, मुलानं मस्कतहून कॉम्प्युटर पाठवला, आणि आता हाताला काम नाही म्हणून माझ्या पेटीच्या मागे लागलेत.

"मिस्त्री, उद्या तुम्ही गचकलात तर ही नाणी कुठली, कसली, कोण सांगणार?"

"आणि तुम्ही आधी गचकलात तर?"

"म्हणून तर कॉम्प्युटर आहे!"

रतनला या पेटीचं कुणी सांगितलं नसेल, तू सांग. आपल्या घराण्याची रीत अशी, की गलबत बांधताना डोलकाठीच्या बुडाशी खाच करून मालकाच्या हातचं एक नाणं ठेवायचं आणि त्यावर काठी उभी करायची. गलबत म्हातारं झालं, मोडायला काढलं, की ते नाणं बांधणाऱ्याच्या घरी परत येतं. ते पेटीत पडलं की तुझी सासू दिवा लावते. त्या गलबताचं समुद्राशी नातं संपलं.

रोज दुपारी जेवण झालं की हसमभाई येतात, सोबत सोनाराकडून मागून आणलेला तराजू. नाणं तोलायचं, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, मग देश, साल, धातू, अवस्था असे रकाने भरायचे. अवस्थेपाशी रोज भांडण.

"खराब. हेही खराब. मिस्त्री, तुमच्या पेटीत एक धड नाणं नाही."

"तुम्ही चाळीस वर्षं काठीखाली बसून दाखवा, मग तुमची अवस्था लिहू."

मी हट्टानं एक रकाना वाढवून घेतला, गलबताच्या नावाचा. आणि क्रम देशांचा नाही, मी गलबतं पाण्यात सोडली त्याचा. हसमभाई म्हणाले, जगात कुणी अशी यादी करत नाही. म्हटलं, जगात कुणाकडे अशी पेटीही नाही.

खरं सांगू पोरी, मला या कामाची गोडी लागलीय. झांजीबारचं तांब्याचं नाणं तळहातावर घेतलं की लवंगांचा वास येतो. हसमभाई म्हणतात, नाणं मिठानं खाल्लंय, वास तुमच्या हाताला आहे, तोही माशाच्या तेलाचा. म्हणू देत. मी डोळे मिटतो. पंखा फिरत असतो, पडद्यावर एकामागून एक चित्रं उजळतात, आणि मला गलबतं नदीत शिरताना दिसतात. मोडलेली, जळणाला गेलेली, सगळी पुन्हा सागवानी, ओली. आवाज नाही. फळीवर उभे असलेले लोक ओळखीचे, त्यातले किती तरी आता नाहीत. कुणी दोर मागत नाही, कुणी हाक मारत नाही. सगळी ओळीनं किनाऱ्याला लागतात. फक्त दोन गलबतांच्या मध्ये आणखी एकाएवढं पाणी मोकळं राहतं, आणि तिथे मला जाग येते.

गेल्या आठवड्यात यादी त्या मोकळ्या पाण्यापाशी आली.

"पुढचं कुठलं?" हसमभाईंनी विचारलं.

"राजबाई," मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले. माझ्या आईचं नाव दिलेलं गलबत, आपल्या खीमजीचं. सुताराचा पोर गलबताचा तांडेल झाला म्हणून गावभर पेढे वाटले होते मी.

"मिस्त्री, हे सोडून पुढे जाऊ या."

"सोडून कसं जाल? मधलं आहे ते."

त्यांनी लिहायला घेतलं. नाणं, कच्छची कोरी, चांदीची. लग्नात तुला निरोप देताना तुझ्या आईनं मुठीत दिलेली. राजबाईत आपला वाटा होता, म्हणून नाणं तुझ्या हातचं. खाचेत ठेवताना तू खीमजीकडे बघून हसलीस आणि मी खोकून दुसरीकडे बघितलं. हे कुठल्या रकान्यात घालणार?

पण कॉम्प्युटर अडून बसला. दोन्ही बाजूंचे फोटो दिल्याशिवाय तो ओळ ठेवून घेत नाही, लिहिलेलं पुसून टाकतो. हसमभाई म्हणाले, "दुसऱ्या कोरीचा फोटो लावतो, कोरी ती कोरी."

माझं डोकं फिरलं. "दुसऱ्याच्या पोराचा फोटो लावाल का तुमच्या घरात?"

त्यांनी हात कॉम्प्युटरवरून काढून घेतला.

मोंघी दाराशी खजूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "फोटोच हवाय ना? मग समुद्राचा काढा. नाणं तिथेच आहे."

केसर, तुला ठाऊक आहे, खीमजीचा विषय निघाला की ही उठून आत जाते. आणि राजबाई परतली नाही तेव्हापासून माझं एकच पालुपद: नाणं परत आलं नाही, म्हणजे गलबत मोडलं नाही, म्हणजे राजबाई चालतेय. तू रांगत्या रतनला कडेवर घेऊन माहेरी, सलायाच्या गाडीत बसलीस तेव्हाही मी हेच म्हणालो. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस.

संध्याकाळी छकडा-रिक्षा करून आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. तीन म्हातारी आणि एक कॅमेरा, लोक बघत होते. हसमभाईंनी पाण्याच्या काठाशी जाऊन समुद्राचा फोटो काढला. करडं पाणी, करडं आभाळ, बाकी काही नाही.

"ही पुढची बाजू झाली. मागची?"

"वळा की," मोंघी म्हणाली. "मागची बाजू म्हणजे आम्ही."

आम्ही दोघं वाळूत उभे राहिलो. पाठीमागे पवनचक्क्या, त्यांच्याही मागे गाव. वाऱ्यानं हिची ओढणी उडत होती, ती हिनं दातात धरली. हसमभाई सवयीनं "हसा" म्हणाले आणि मग कॅमेरा खाली घेऊन चष्मा पुसत बसले.

घरी येऊन फोटो चढवले. कॉम्प्युटरनं मुकाट्यानं घेतले. त्याला काय कळतं? मग उरला अवस्थेचा रकाना. उत्तम, बरी, खराब, हरवलेलं, यातलं एक निवडायचं.

"हरवलेलं लिहू?" हसमभाईंनी हळूच विचारलं.

"लिहा," मी म्हटलं. आणि पुढचे शब्द माझ्याच तोंडून आले, मला अडवता आले नाहीत. "खीमजी गेला, हसमभाई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालो. वाटलं होतं, हे बोललो तर छप्पर कोसळेल. काही झालं नाही. मोंघी उठली, तिनं दिवा लावला आणि रडायला बसली. मीही रडलो. हसमभाई आमच्या चुलीवर चहा करायला गेले. त्यात मीठ पडलं की काय कोण जाणे, आम्ही तिघांनी तो निमूट प्यायला.

म्हणून हे पत्र. मी आशेवर जगत होतो आणि त्या आशेचं ओझं तुझ्या डोक्यावर होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही. मोंघीला दिसत होतं म्हणे. मग बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणते, "तुम्ही मोडला असतात."

मेघजीबद्दल मी कुणाकडे चौकशी केलेली नाही. करणारही नाही. घर कसं, पगार किती, पहिल्या बायकोला काय झालं, ते तू बघितलंच असशील. रतन त्याला काय हाक मारेल, ते तिचं ती ठरवेल. तो बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे, एवढं तुझ्या वडिलांनी लिहिलंय. मला एकच विचारायचंय, पोरी. संध्याकाळी तो घरी येतो ना? रोज येतो ना?

येत असेल तर आमच्या दोघांचा होकार आहे.

खीमजीचा, आणि तू म्हणशील तर तुझाही बाप,
प्रागजी