मनकर्णाच्या डोक्यातली नळी

मु. औरंगाबाद

ती. नानासाहेब पाव्हण्यांस, तुमच्या बहिणीचा मालक कारभारी याचा रामराम. तुमचे गुडघे, वैनींचा दमा आणि ती मारकी म्हैस, सगळ्यांची खुशाली कळवावी. इकडं मनकर्णाला दवाखान्यात ठेवलंय. काळजीचं काही नाय, चितेगावाहून धावत येऊ नका.

डोक्यात पाणी साचतं म्हणून गेल्या साली तिच्या कानामागून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घातली, ते तुम्हाला ठाऊक हाये. (पोटातलं ओठावर आणायला तिला नळी कधी लागली नाय.) आता ताप आला. ताप कुणालाही येतो. पण तिनं माझ्या हातचा चहा पिऊन चांगला झालाय म्हटलं, तिथंच मी ओळखलं, हे साधं दुखणं नाय. मग डोक्यावर पदर घेऊन मला काकासाहेब म्हणायला लागली. (म्हणजे तुमचे वारलेले चुलते.) लग्नापासून एवढा मान पहिल्यांदा मिळाला, पण तो घेत बसलो नाय. रिक्षात घातली, तर औरंगपुऱ्यात गर्दी तुंबलेली. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, रोओ नक्को, पहुंचाताऊं." मी रडतोय हे मला तवा कळलं.

डॉक्टरीणबाईंनी नळीतलं पाणी तपासलं. नळीला जंतू धरलेत, तेही दुर्मिळ. मग एकेक डॉक्टर येऊन बघून जायला लागले, जणू घरात पांढरा कावळा निघालाय. बाई म्हणाल्या, हा जंतू मातीत असतो, माणसात क्वचितच. मी विचारलं, "मग आमच्यातच कसा?"

"ते आम्हालाही सांगता येत नाही, काका."

शिकलेलं माणूस असं बोललं की लई भेव वाटतं, पाव्हणं. आता नळी काढणार, डोक्यातलं पाणी बाहेरच्या पिशवीत सोडणार, शिरेतून औषध देणार आणि पाणी निर्मळ झालं की नवी नळी. एवढं ऐकून मी धीरानं मान डोलावली आणि आडवा झालो. (शुद्धीवर आलो तर मनकर्णाच्या शेजारच्या खाटेवर.)

आपला,
कारभारी

ता. क. पत्र खिशातच राहिलं. काल नळी काढली. ताप उतरलाय, मला नावानं ओळखते. पण जंतू गेला असं अजून कुणी म्हणत नाय.

आणखी ता. क. वर धावत येऊ नका लिहिलंय, ते तिनं वाचलं तर म्हणून. तुम्ही या. तिच्यापाशी बसायला मी हाये. माझ्यापाशी कुणी नाय. तिला म्हणा, बाजारात बैल बघायला आलतो.