थॉर्नथ्वेट आणि आपलं आडनाव

बाबा,

कार्ल्सरूहेहून मनापासून जय भीम. मी इथे जर्मनीत बरा आहे, गोदामातलं काम चालू आहे, वेळेवर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? मी कॉलेज सोडल्यापासून तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून लिहितोय.

हॅरिएटबद्दल आईने सांगितलं असेलच. रविवारी तिच्या वडिलांनी जेवायला बोलावलं होतं. मूळचे इंग्लंडचे. बसल्या बसल्या विचारलं, "तुझ्या आडनावाचा अर्थ काय?" माझं डोकंच फिरलं. आडनाव कशासाठी विचारतात ते आपल्याला माहीत आहे. "कशाला हवंय?" म्हणत मी ताटावरून उठलोच.

हॅरिएट हसायला लागली. "अरे बस, ते पोस्टमनलाही विचारतात!"

मग त्यांनी स्वतःचं उलगडून सांगितलं. थॉर्नथ्वेट, म्हणजे काटेरी झुडपं तोडून मोकळी केलेली जमीन. चर्चच्या जुन्या वहीची नक्कल दाखवली. चारशे वर्षांपूर्वीचा त्यांचा पूर्वज मेंढपाळ होता. सही येत नव्हती, म्हणून नावापुढे नुसती फुली. बाबा, त्या फुलीवर बोट ठेवलं आणि मी परत खुर्चीत बसलो.

"आता तुझं सांग," ते म्हणाले. मला सांगता येईना. आजोबांनी जुनं आडनाव टाकून हे घेतलं, एवढंच ठाऊक. हेच का घेतलं, तेव्हा गाव काय म्हणालं, तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही भांडणाशिवाय काही विचारलं नाही.

माझ्यावरचा राग राहू द्या. आजोबांचं मात्र लिहून पाठवा. ते त्या घरात ताठ मानेने सांगेन, मगच हॅरिएटला मागणी घालेन.

तुमचाच,
उज्ज्वल