खोगीर भाचीस, परंतु एका अटीवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, या मैदानावर शर्यत जिंकणारी पहिली स्त्री जॉकी, सांप्रत निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मूत्रपिंडांविषयी तसा दाखला देण्यास ते धजावले नाहीत.

१. राहते घर थोरल्या भावास. "तू पडलीस तर मला बघवणार नाही," असे सांगून त्याने माझी एकही शर्यत पाहिली नाही. मी सात वेळा पडले. त्याचे अनुमान शास्त्रशुद्ध होते.

२. सर्व करंडक मैदानाच्या व्यवस्थापक मंडळास. ते घोड्यांच्या औषधांच्या खोलीतच ठेवावेत. स्त्रियांना कपडे बदलण्यास जागा नसल्याने तेथे, जंतनाशकाच्या डब्यांच्या सान्निध्यात, मी अकरा वर्षे वेषांतर केले. माझ्या कीर्तीला तोच दर्प आहे.

३. माझा रबरी कोट कोणासही न देता जाळावा. "मी मूळचीच सडपातळ" हे प्रत्येक मुलाखतीतील माझे विधान धादांत असत्य होते. दोन-दोन दिवस निर्जळ राहून, हा कोट घालून, भर उन्हात धावून मी वजन उतरवी आणि मगच शर्यतीआधी वजनकाट्यावर चढे. पुरुष जॉकीही हेच करीत. मात्र ते कण्हत, मी हसे. बाई कण्हली असती तर तिला दुसऱ्या दिवशी घोडा मिळाला नसता.

४. माझे खोगीर भाचीस. पुढल्या महिन्यात तिची पहिली शर्यत आहे. मंगळवारी ती आली तेव्हा तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मी पाणी पुढे केले.

"नको गं आत्या, आत्ताच प्यायले."

हे वाक्य माझेच, स्वरही माझाच.

"उपाशी राहतेस का?"

"छे! मी तुझ्यावर गेलेय. मूळचीच सडपातळ!"

सबब खोगीर माझ्या जुन्या ट्रेनरांच्या ताब्यात राहील. भाचीने त्यांच्यासमोर कलम तीन मोठ्याने वाचावे, पोटभर जेवावे, दोन पेले पाणी प्यावे. मगच ते न्यावे. वजन जास्त भरल्यास शर्यत सोडावी. (ट्रेनर म्हणतात, "वाढीन मी, पण स्वयंपाक माझ्या गळ्यात घालू नकोस." नोंद घेतली.)

५. मृत्युपत्र मृत्यूनंतर उघडण्याचा प्रघात आहे. कलम तीन व चार मात्र उद्या सकाळीच तिच्या हाती द्यावीत. मी तोंडाने सांगू गेले तर सवयीने हसेन, आणि ती त्या हसण्यावर विश्वास ठेवील.

साक्षीदार: १. ट्रेनर (सही) २. डॉक्टर (सही)
स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ९ नोव्हेंबर, शर्यतीस सव्वीस दिवस बाकी

सही केली. आजवर प्रत्येक सहीशेजारी वजन लिहावे लागले. येथे तो रकाना नाही.