तेलातलं तोंड

रविवार, संध्याकाळ. नवागाम.

आज मुलीचं तोंड पाहिलं, तेही तेलात. ती मूळ नक्षत्रावर जन्मली, बापाच्या जिवाला जड. म्हणून सत्तावीस दिवस मी तिला बघायचं नाही, असं आईने सांगितलं आणि मी निमूट भेस्तानला दादाकडे जाऊन राहिलो. मी, शाळेत विज्ञान शिकवणारा!

मागे आमच्या शाळेतले ख्रिस्ती सर म्हणाले होते, "आमच्यात माणूस जन्मतो तोच पाप घेऊन." मी हसलो होतो. तान्ह्या लेकराचं कसलं आलंय पाप? पण त्यांच्यात निदान सगळेच पापी. आमच्या घरात ही एकटीच कशी?

कारण दादाचा मुलगाही मुळावरचाच. काल वहिनी सहज बोलून गेली, "त्याला तर हे पहिल्या दिवसापासून मांडीवर घेऊन बसायचे." आज आईला विचारलं. "त्याचं नक्षत्राचं चरण वेगळं होतं," म्हणाली. कुठलं, ते तिला सांगता येईना. मुलगा होता, हेच ते चरण ना?

शांतीच्या पूजेत बायको मुलीला घेऊन माझ्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, आईंचं सोडा. तुम्ही का गेलात?"

मरणाला भ्यालो म्हणून. दुसरं काय? तेलाच्या वाटीवर वाकलो. तेलात आधी माझंच तोंड दिसलं. तिचं नंतर, खांद्याआडून, झोपलेलं.

पूजा सांगणारे महाराज म्हणाले, "दोष गेला."

कुणाचा, ते मी विचारलं नाही.