सतरा मेसेज

चाचा,

तुमच्या दुकानात अजून मीच बसते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. रेडिओ आता कोणी आणत नाही. मोबाईलच्या काचा, कव्हर, चार्जर, रिचार्ज आणि अधूनमधून थोडी दुरुस्ती, एवढ्यावर दुकान चालतं. वाशीमचं बस स्टँड समोर असल्यामुळे गिऱ्हाईक तुटत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही, म्हणून लिहिते.

मी पहिल्यांदा आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या मळ्यातली वांगी बाजारात पोचवून झाली होती आणि बाबांचा बंद पडलेला फोन पिशवीत होता. तुम्ही तो उघडलात आणि मी उभ्या उभ्या दोन तास बघत राहिले. फोन सुरू झाला तरी मी जात नाही म्हटल्यावर तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "शिकतं का?" एवढंच विचारलंत. घरी बाबांना समजवायला तुम्ही स्वतः आलात. लोक बोलतील, माळ्याची पोरगी तुमच्या दुकानात काय करते म्हणून, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही माझं टेबल आतून काढून थेट रस्त्याच्या तोंडाशी लावलंत. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना मी काय करते ते दिसत राहिलं, आणि महिन्याभरात बघायचाही लोकांना कंटाळा आला. पहिल्या ईदला तुम्ही मला तुमचा बारीक चिमटा दिलात. नवा नाही, तुमच्या हातातला. तो अजून चालतो.

तुम्ही माझ्यावर एकदाच रागावलात. एका शिंप्याच्या फोनचा स्पीकर बदलताना मी त्याचे मेसेज वाचले होते आणि हसून तुम्हाला सांगायला लागले होते. तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. "त्यानं आवाज येत नाही म्हून फोन देल्ला बेटा. वाचाले नाही देल्ला." आवाज चढला नव्हता. पण पुढचे आठ दिवस तुम्ही मला एकही फोन उघडू दिला नाही. मी चार्जरच्या वायरी जोडत बसले. तेव्हापासून मी कोणाचा फोन वाचला नाही. गेल्या दिवाळीच्या आधीपर्यंत.

सोयाबीन निघालं होतं, बाजारात गर्दी होती. किन्हीराजा गावाकडची एक मावशी आली. साठीची असेल. हातात बटनांचा जुना फोन, रबर बांधलेला. पाचाचं बटन दबतच नव्हतं. "दुसरा दे," ती म्हणाली, "पन असाच दे, बटनाचा. आन नंबर हाच पायजे. परवाच रिचार्ज मारलं, ते बुडन का?"

"नाही बुडत मावशी. नंबर आन रिचार्ज दोन्ही सिममधी असते. सिम काढून नव्या फोनात टाकते, झालं."

"आन नावं?"

"नावंबी सिममधी हायेत."

तिला ते पटलं. तिनं नवा फोन निवडला आणि जुना माझ्याकडे सरकवला. "हा ठेव तुयाकडं. सामानाले येईन कामी." मग ती बाजार करायला गेली, तासाभरात येते म्हणून.

सिम काढण्याआधी मी फोन एकदा चालू केला. पडद्यावर कोपऱ्यात पाकिटाचं चिन्ह लुकलुकत होतं. मेसेजची जागा भरल्याची खूण. नावं सिममध्ये असली तरी मेसेज त्या फोनातच असतात, तुम्हीच शिकवलं होतं. फोन गेला की मेसेज गेले. मी पाकीट उघडलं. बहुतेक कंपनीचे असतात, तसेच होते. पण मधूनमधून एकाच नंबरवरून आलेले सतरा होते. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. एकही उघडलेला नव्हता. पहिला असा होता: आई, मी हाय. फोन उचल ना.

मी सतराही वाचले. पोरगी घरातून निघून जाऊन लग्न करून अकोल्याला राहत होती. आधी बाप फोन कापायचा. आई ओळखीच्या नसलेल्या नंबरला हातच लावत नव्हती. तेव्हा ती लिहायला लागली. कोणाकडून वाचून घे, असं दोनदा लिहिलं होतं. मुलगी झाली ते लिहिलं होतं. बाप गेल्यावर, आबा गेले म्हणून कळलं, मी येऊ का, असं लिहिलं होतं. शेवटचा सहा महिन्यांपूर्वीचा होता: तुयी नात शाळेत जाते.

मावशी परत आली तेव्हा नवा फोन तयार होता. तो देऊन गप्प बसायचं, असं तुम्ही म्हणाला असता की नाही, मला ठरवता आलं नाही. मी सांगितलं. "मावशी, जुन्या फोनात तुमच्या पोरीचे मेसेज हायेत."

तिचा चेहरा आधी कोरा होता. मग कडक झाला. "तुले कोनं सांगतलं वाचाले?"

तिनं दोन्ही फोन उचलले, पिशवीत टाकले आणि गेली. समोरच्या स्टँडवर ती गाडीसाठी उभी असलेली मला दिसत होती. एक गाडी गेली. दुसरी गेली. मग ती रस्ता ओलांडून परत आली आणि स्टुलावर बसली.

"मले वाटे ते कंपनीचंच वाजते," ती म्हणाली. "वाच."

मी वाचत गेले. मध्ये गिऱ्हाईक आलं तर ती हातानंच त्याला थांबवत होती. "येऊ का" वाला आला तेव्हा म्हणाली, "कवाचा हाय हा?" मी सांगितलं, तीन वर्षांपूर्वीचा. तिनं पदर तोंडाशी धरला आणि तसाच ठेवला. सगळं झाल्यावर तिनं नवा फोन पुढे केला. "लाव तिले." मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. आतून एवढंच ऐकू आलं, "तिकडं पानी येते का नळाले?"

मावशीची लेक दिवाळीला आली, चाचा. नवरा नव्हता आला, लहान पोरीला घेऊन आली. परत जाताना दोघी मायलेकी नातीला घेऊन दुकानात आल्या, मावशीच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं म्हणून. मावशी नातीला घेऊन केळी आणायला गेली तेव्हा तिची मुलगी टेबलाशी वाकली.

"सगळे वाचून दाखवले तुमी तिले?"

"सगळे," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिता येतं. मी सोळाच वाचून दाखवले. "येऊ का" च्या दोन महिन्यांनंतर एक होता, त्यात तिनं लिहिलं होतं, लोकं इचारतात तर आई मेली म्हणून सांगते मी. तो मी मावशी बाजारात असतानाच पुसला होता. गिऱ्हाइकाच्या फोनातलं काही पुसू नये हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडेल असं तुम्हाला वाटलं नसावं.