चौथ्या मजल्याचं अर्थिंग

३ फेब्रुवारी, सोमवार
जानेवारीत संकल्प करणं हौशी लोकांचं काम. मी फेब्रुवारीत करतो, शांतपणे. सिगारेट दिवसाला दोन. आणि जिना. हॉस्पिटलची लिफ्ट आजपासून दुरुस्तीला काढली आहे, त्यामुळे दुसरा संकल्प आपोआपच पाळला जाणार.

ईसीजी मशीनांची तिमाही सर्व्हिस सुरू. तळमजल्यावरची दोन्ही ओके. कंपनी म्हणते टेस्टरचा डबा जोडून तपासा. तो डबा वाहायचा कोणी? मी शर्ट काढून आडवा होतो, सिस्टर वायरी लावतात, कागद निघतो. एकवीस वर्षं हीच पद्धत आहे. खऱ्या छातीवर तपासलेलं मशीन तेच खरं मशीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार
चौथा मजला. तिसऱ्याच्या वळणावर छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. डावा हात जड. हत्यारांची बॅग डाव्या हातात होती, तेव्हा साहजिकच.

मशीन नंबर सात नादुरुस्त. प्रत्येक ठोक्यानंतर रेघ खाली बसते. पेशंटच्या कागदावर अशी रेघ दिसली तर हृदयाला रक्त कमी पडतंय, एवढं एकवीस वर्षांत मलाही कळतं. पण मला काहीच झालेलं नाही. म्हणजे दोष मशीनचा. लाल स्टिकर चिकटवला, वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नादुरुस्त, भरवसा ठेवू नये.

इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, काका, छातीत दुखतंय का? म्हटलं, मी दुरुस्तीला आलोय, भरती व्हायला नाही.

संध्याकाळी सोडा. आमच्या घराण्यात गॅस पहिल्यापासून. बाबा गॅसनेच गेले. काका सोडा आणायला गेले होते, ते परत यायच्या आत. बाबा त्रेपन्नचे होते. मला अजून बावन्नच.

५ फेब्रुवारी, बुधवार
पुन्हा चौथा मजला, मशीन नंबर आठ. तोच दोष. गंमत म्हणजे सिस्टरनी चहा दिला, पंधरा मिनिटं बसलो, परत कागद काढला तर रेघ स्वच्छ. मी एका स्क्रूलाही हात लावला नव्हता. रिपोर्टात लिहिलं: तंत्रज्ञ समोर बसल्यावर मशीन सुधारले. याला अनुभव म्हणतात.

सिगारेटी पाच. पण त्यातल्या तीन विचार करताना ओढल्या, त्या धरत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज शास्त्रशुद्ध प्रयोग. वॉर्डबॉयकडून सात नंबर खाली आणवलं. मी तळमजल्यावरच आडवा. रेघ स्वच्छ. तेच मशीन, तोच माणूस, मजला फक्त वेगळा. निष्कर्ष शेंबड्या पोरालाही काढता येईल: चौथ्या मजल्याचं अर्थिंग खराब आहे.

मोठ्या डॉक्टरांना तीन पानी पत्र दिलं. त्या मजल्यावर किती धडधाकट माणसांना उगाच हृदयरोगी ठरवलं असेल, देव जाणे. त्यांच्यासाठी जीव तुटला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
वायरमनने अर्थिंग तपासलं. म्हणाला, उत्तम आहे. वर म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. माणूस उद्धट आहे. कामही वरवरचंच करत असणार.

संध्याकाळी हिच्याबरोबर बाजारात. हल्ली दर पन्नास पावलांवर एखादं तरी दुकान थांबून बघण्यासारखं निघतं. ही म्हणाली, तुम्हाला बायकांच्या चपलांत कधीपासून रस? मग हळूच म्हणाली, डॉक्टरांना एकदा दाखवा. म्हटलं, मी रोज डॉक्टरांनाच बघतो. ती हसली नाही. घरी येईपर्यंत माझी पिशवी तिनेच धरली.

९ फेब्रुवारी, रविवार
सुट्टी. दाढी करताना छातीवर तेच वजन. आज जिना नाही, बॅग नाही. घामाने बनियन ओला. बेसिनला धरून उभा राहिलो. आरशात बाबांसारखा दिसत होतो. हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

दहा मिनिटांत गेलं. हिला सांगितलं नाही. उगाच घाबरते. घराचंही अर्थिंग एकदा तपासून घ्यायला हवं.

१० फेब्रुवारी, सोमवार
मोठ्या डॉक्टरांना पत्राचं प्रात्यक्षिक हवं होतं. उद्या सकाळी अकरा. वायरमनलाही बोलावलंय. सगळ्यांसमोर सिद्ध करणार. सात नंबर स्वतः उचलून वर नेईन, म्हणजे वाटेत कोणी हात लावला असं म्हणायला जागा नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ८
नवा शर्ट. सिगारेट शून्य (अजून).

१२ फेब्रुवारी, बुधवार
कालचं लिहितो. पडून लिहितोय, अक्षर वाकडं येतंय.

तळमजल्यावर सगळ्यांसमोर कागद काढला. स्वच्छ. मग मशीन उचललं. दुसऱ्या मजल्यावर वायरमन म्हणाला, साहेब, द्या इकडे. दिलं नाही. चौथ्यावर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काळं होतं. आडवा झालो. रेघ बसली, पूर्वीपेक्षा खोल. मी म्हटलं, बघा.

 सिस्टरनी माझ्या वायरी काढून वायरमनला शेजारच्या कॉटवर झोपवलं. तोच मजला, तेच मशीन. त्याची रेघ स्वच्छ.  मोठे डॉक्टर मशीनकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. वायरमनने मान खाली घातली. त्याला उद्धट म्हटलं ते मागे घेतो.

डॉक्टरांनी समजावलं. हृदयाकडे जाणाऱ्या नळ्या अरुंद झाल्यात. बसलेल्या माणसापुरतं रक्त कसंबसं जातं. जिना चढला की हृदय जास्त मागतं, ते मिळत नाही, मग रेघ बसते. चहा पिऊन टेकलात की मागणी उतरते, रेघ सुधारते. मशीन पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं, म्हणाले. रविवारचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. बसल्या जागी दुखणं ही पुढची पायरी. उद्या, गुरुवारी सकाळी हृदयापर्यंत नळी घालून बघणार. त्यानंतरचं त्यानंतर.

मला भरती करून घेतलंय आणि सात नंबरच लावलंय. आज दुपारपासून मी हललेलो नाही आणि रेघ खालीच आहे. सिस्टर दर तासाला कागद काढतात, बघतात आणि मला न दाखवता घडी करतात. मी विचारलं, वायरी नीट चिकटल्यात ना? म्हणाल्या, हो काका.

मला भीती वाटते.

ही सकाळपासून बसून आहे. एका शब्दानेही रागावली नाही. मशीनवरचा लाल स्टिकर तिने वाचला आणि नखाने हळूहळू सोडवला. टाकायला जवळ काही दिसेना, तेव्हा माझ्या कॉटच्या दांडीवर चिकटवून ठेवला.